चौकटी, बाण आणि आक्का

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मध्यंतरी उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि घरच्यांनी कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही. बंदी उठल्यावर पहिला लेख कशावर, तर ‘बिझनेस प्रोसेस मॉडेलिंग नोटेशन’ या विषयावर! हसू नका. मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या, आयुष्यभर प्रयोग आणि समास शिकवलेल्या मास्तराचा या विषयाशी काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. मलाही दिवाळीपर्यंत तसंच वाटत होतं. पण शेवटपर्यंत वाचा, विषय घरातलाच निघतो. आमच्या भावकीतले जे कोणी हे वाचत असतील त्यांनी तर जरूर वाचा.

माझी नात पुण्याला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. हुद्दा बिझनेस अ‍ॅनालिस्ट. ती नेमकं काय करते हे मला चार वर्षांत समजलं नव्हतं. विचारलं की “आबा, कॉम्प्युटरवरच काम असतं,” एवढंच उत्तर. या दिवाळीला ती साताऱ्याला आली तेव्हा लॅपटॉपबरोबर कोऱ्या कागदांचा गठ्ठा घेऊन आली. नव्याने लागलेल्या मुलांना तिला शिकवायचं होतं. एखादं काम ऑफिसात कसं चालतं याचं चित्र काढायच्या अनेक पद्धती आहेत, त्यातली कुठली कधी वापरायची, हा तिचा धडा. तेव्हा कुठे मला उलगडा झाला. ही प्रोग्राम लिहीत नाही. लोक काम कसं करतात ते त्यांना विचारायचं आणि चौकटी-बाणांत मांडायचं, हा तिचा धंदा.

“आबा, मला एक उदाहरण द्या. बँकेचं, ऑनलाइन खरेदीचं नको, ते सगळेच देतात. तुम्हाला पहिल्यापासून शेवटपर्यंत माहीत असलेलं काहीतरी. त्यात चार-पाच माणसं गुंतलेली पाहिजेत, मध्ये वाट बघावी लागली पाहिजे, आणि अडकायचीही शक्यता पाहिजे.”

मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, “सातबाऱ्यावर नाव लावणं.”

मग माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. तिच्यात आमच्या घराण्याचे सगळे कागद आहेत. माझ्या जन्माचा दाखला आहे, त्यावर जिल्हा ‘दक्षिण सातारा’ असा आहे. १९४९ साली साताऱ्यातून तोडून केलेला हा जिल्हा १९६० साली ‘सांगली’ झाला, त्यामुळे मी जन्माने साताऱ्याचा की सांगलीचा हा वाद आमच्या घरी अजून मिटलेला नाही. त्याच्याखाली दोन फेरफाराचे उतारे होते, १९८६ चा आणि १९८७ चा.

वडील १९८६ च्या पावसाळ्यात गेले. तासगावकडच्या आमच्या गावी त्यांनी स्वतः विकत घेतलेली चार एकर जमीन होती. तेव्हाची पद्धत मी नातीला सांगितली ती अशी. मृत्यूची वर्दी तलाठी भाऊसाहेबांना द्यायची. ते वारसांच्या वहीत, म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये, टिपून घेणार. गावात चौकशी होऊन वारस ठरणार. मग फेरफाराच्या वहीत, गाव नमुना ६ मध्ये, नोंद पडणार आणि सातबाऱ्यावर तिचा नंबर पेन्सिलने लिहिला जाणार. संबंधितांना नोटीस, एक प्रत चावडीवर. पंधरा दिवस वाट बघायची. कोणी हरकत घेतली तर ती वादाच्या नोंदवहीत, ६-अ मध्ये जाणार आणि सुनावणी होणार. हरकत नसेल तर सर्कल, म्हणजे मंडल अधिकारी, नोंद मंजूर करणार. मग पेन्सिलीच्या जागी शाई येणार आणि जुन्या नावाला कंस होणार. आता हे ई-फेरफारात कॉम्प्युटरवर चालतं, २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या निघतो, आणि तलाठ्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. पण सांगाडा १९६६ च्या जमीन महसूल कायद्याचाच.

“आबा, हे मस्त आहे,” असं म्हणून ती पाट घेऊन खालीच बसली.

पहिली शंका मी काढली. काम एकच, तर चित्र काढायच्या पद्धती अनेक कशाला? मग माझं मलाच उत्तर सुचलं. आपल्या मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेल्या पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी गाणं कागदावर उतरवायची एक पद्धत काढली, तर पं. भातखंड्यांनी दुसरी. राग तोच, बंदिश तीच. पण पलुसकरांच्या लिपीत मात्रेचे बारीक भागही खुणांनी दाखवतात. भातखंड्यांची लिपी सुटसुटीत, म्हणून ती जास्त पसरली. कुठलीच लिपी गाणं पूर्ण पकडत नाही, पण काय पकडायचं आणि काय सोडायचं हे प्रत्येकीने आधीच ठरवलेलं असतं. नात म्हणाली, “आबा, हेच मला मुलांना सांगायचंय.” मग आम्ही दोघं कामाला लागलो.

सर्वांत जुनी पद्धत अमेरिकेतल्या फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या नवरा-बायकोची, १९२१ सालची. फ्रँक गिलब्रेथ मूळचे विटांचं बांधकाम करणारे. गवंड्याने एक वीट लावताना किती वेळा वाकायचं, याचा त्यांनी हिशोब मांडला होता. त्यांच्या पद्धतीतून पुढे १९४७ साली पाच खुणा ठरल्या. गोल म्हणजे काम, बाण म्हणजे ने-आण, चौकोन म्हणजे तपासणी, त्रिकोण म्हणजे साठवण, आणि डी अक्षर म्हणजे खोळंबा. साठवणीचा त्रिकोण समजायला मला वेळ लागला नाही. हरिपूरची हळदीची पेवं डोळ्यांसमोर आली. आमच्या फेरफाराची पट्टी काढली तर तिच्यात डीच डी. दोन गोल, एक बाण, की लगेच डी. एखाद्या साहेबाला ‘तुमच्याकडे वेळ कुठे जातो’ हे दाखवायचं असेल तर याच्यासारखी पद्धत नाही. पण ही पद्धत कागदाच्या मागे मागे चालते. कागद कुठे गेला, कुठे पडून राहिला हे दिसतं. त्या कागदामागची माणसं दिसत नाहीत.

दुसरा फ्लोचार्ट. हा तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेल, शाळेच्या पुस्तकातही आता असतो. चौकट म्हणजे कृती, शंकरपाळं म्हणजे प्रश्न. ‘हरकत आली का?’ हो असेल तर इकडे, नाही तर तिकडे. वाचायला सर्वांत सोपा. दहावीतल्या मुलालाही पाच मिनिटांत समजेल. मला फार आवडला. पण माझ्यातला मास्तर जागा झाला आणि मी चौकटीतली वाक्यं वाचायला लागलो. ‘नोंद घेतली.’ ‘नोटीस काढली.’ ‘नोंद मंजूर केली.’ सगळी कर्मणी आणि कर्ता अध्याहृत! वर्गात मी असं वाक्य फळ्यावर लिहून म्हणायचो, “कर्ता शोधा.” फ्लोचार्ट काय झालं आणि कशानंतर झालं ते सांगतो. कोणी केलं ते सांगायचं त्याच्यावर बंधन नाही.

तिसरी पद्धत जर्मनीतली, १९९२ च्या सुमाराला सारब्रुकेनच्या विद्यापीठात तयार झालेली. ईपीसी म्हणतात. सॅप नावाचं सॉफ्टवेअर कारखान्यांत बसवताना ती फार वापरली गेली. तिचा नियम मजेशीर आहे. एक कृती, मग एक घटना, मग कृती, मग घटना. ‘नोटीस देणे’ ही कृती, ‘नोटीस मिळाली’ ही घटना. ‘करणे’ आणि ‘होणे’ यांची अशी फुगडी. तलाठ्याने नोटीस दिली म्हणजे ती मिळालीच असं धरून चालता येत नाही, मिळाल्याचं वेगळं लिहावं लागतं. शिस्त चांगली आहे, पण आमचा फेरफार तीन कागदांवर लांबला.

चौथ्या पद्धतीत कर्ता आला. पोहण्याच्या शर्यतीत तलावात दोर लावून जशा पट्ट्या करतात, तशा कागदावर पट्ट्या आखायच्या आणि प्रत्येक माणसाला एक पट्टी द्यायची. ज्याचं काम त्याच्याच पट्टीत. ही कल्पना रम्लर आणि ब्रेच या दोघांच्या १९९० च्या पुस्तकामुळे कंपन्यांत पसरली. कर्मणी वाक्यांना इथे थाराच नाही. चौकट कुठल्या तरी पट्टीत, म्हणजे कुणाच्या तरी नावावर, टाकावीच लागते.

इथपर्यंत आम्ही १९८६ चा उतारा चितारत होतो. त्यात वारस म्हणून चार नावं लागली होती. आई, मी, माझा धाकटा भाऊ आणि आमची थोरली बहीण, आक्का. आता नातीने दुसरा कागद उचलला.

“आबा, हा १९८७ चा कसला?”

“हक्कसोडपत्राचा. आईने आणि आक्काने आपला हक्क आम्हा दोघा भावांच्या नावे सोडला. तालुक्याला दुय्यम निबंधकांसमोर रजिस्टर केलं. त्यावरून दोघींची नावं कमी झाली.”

“हा पण काढू या पट्ट्यांत.”

तिने पट्ट्या आखल्या. माझी, धाकट्याची, आईची, आक्काची, मग निबंधक, तलाठी, सर्कल. मी सांगत गेलो, ती काढत गेली. माझी पट्टी भरून गेली. स्टँप आणणे, मसुदा लिहून घेणे, साक्षीदार ठरवणे, आक्काला आणणे. आक्काच्या पट्टीत एकच चौकट, ‘सही करणे’. आईच्या पट्टीतही तीच.

नात पेन्सिल थांबवून म्हणाली, “आबा, ‘आक्काला आणणे’ तुमच्या पट्टीत आहे. मग तिच्या पट्टीत निदान ‘येणे’ तरी पाहिजे ना? आणि त्याच्या आधी काहीतरी? तिला विचारलं असेल, तिने ठरवलं असेल…”

मी म्हणालो, “पुढची पद्धत काढ.”

पुढची बीपीएमएन. सध्या जगभर हिचाच बोलबाला आहे. पहिली आवृत्ती २००४ ची, दुसरी मोठी आवृत्ती २०११ ची, आणि २०१३ पासून तर ती आंतरराष्ट्रीय मानकच आहे. बारीक कडेचा गोल म्हणजे सुरुवात, जाड कडेचा म्हणजे शेवट. गोलात घड्याळ असेल तर ठरलेल्या वेळाची वाट बघायची, म्हणजे आमचे पंधरा दिवस. गोलात लिफाफा असेल तर निरोप. चिन्हं इतकी आहेत की सराईत लोकही त्यातली मोजकीच वापरतात असं नात म्हणाली. मला ती सगळी बघून मोडी लिपीची आठवण झाली, येणाऱ्याला येते आणि बाकीच्यांनी मान डोलवायची.

पण तिच्यात एक नियम आहे आणि त्या नियमाने माझी झोप उडवली. पट्ट्यांचे गट असतात, त्यांना पूल म्हणतात. एका कारभाराखालची माणसं एका पुलात. कारभार वेगळा असेल तर पूल वेगळा. सरळ अखंड बाण पुलाच्या आतच चालतो, पुलाची हद्द ओलांडायची त्याला परवानगी नाही. दोन पुलांमध्ये फक्त तुटक रेषेचा बाण जातो, म्हणजे निरोप. घरच्या माणसाकडे काम सरकवता येतं, बाहेरच्याला निरोप धाडून उत्तराची वाट बघावी लागते.

नातीने दोन पूल आखले आणि सहज विचारलं, “आक्काआजीला कुठे टाकू आबा? आपल्या पुलात की वेगळ्या?”

मंडळी, अडतीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी म्हणालो, “आपल्यातच. ती आपलीच.” मग म्हणालो, “नाही, तिचं लग्न ६३ सालीच झालेलं. ती तिकडची.” आणि मग गप्प बसलो. कारण दोन्ही उत्तरं मी सोयीने वापरली होती. सही घेताना ती घरची होती, म्हणून विचारायची गरज वाटली नाही. वाटा देताना ती परक्या घरची होती.

नात म्हणाली, “वेगळा पूल केला तर तो रिकामा ठेवायचीही मुभा आहे. पलीकडच्याचं आत काय चालतं ते आपल्याला माहीत नसेल तर नुसती कोरी चौकट काढायची. निरोप जातो, उत्तर येतं, एवढंच दाखवायचं.” तिने ती कोरी चौकट काढली आणि त्यात आक्काचं नाव लिहिलं. आता बाहेर जाणारा निरोप काढायचा होता. माझा निरोप काय होता? “आक्का, एक सही पाहिजे, उद्या तालुक्याला चल.” याला दोन उत्तरं असू शकतात, असं शंकरपाळं काढायचं तर ‘नाही’ या बाणाच्या पुढे काय लिहू, ते मला सुचेना. तिने ‘नाही’ म्हटलं तर काय, याचा विचारच आम्ही केलेला नव्हता.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण तो माझाही सोयीचा गैरसमज होता. ‘मुलींना हक्क २००५ च्या कायद्याने आला, आमच्या वेळी तसं नव्हतं,’ असं आपण म्हणतो. २००५ ची दुरुस्ती वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतल्या जन्मजात हक्काची. बापाने स्वतः घेतलेल्या जमिनीत, मृत्युपत्र नसेल तर, बायको, मुलगे आणि मुली सारख्या वाट्याच्या वारस आहेत, हे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच आहे. म्हणजे चार एकरांत आक्काचा एक एकर होता. १९८६ च्या फेरफारात चार नावं लागली ती काही तलाठी भाऊसाहेबांच्या मेहेरबानीने नव्हेत. मी शाळामास्तर, मला हे कळत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

दोन दिवसांनी भाऊबीज होती. दरवर्षीप्रमाणे आक्काकडे जायचं होतं. सांगलीजवळ कृष्णाकाठी तिचं घर आहे. यंदा नातही बरोबर निघाली, आणि तिने कागदाची गुंडाळी पिशवीत टाकली. मी नको म्हणालो नाही. कऱ्हाडपर्यंत आम्ही दोघंही फारसं बोललो नाही. पेठ नाक्याला चहा प्यायला थांबलो तेव्हा ती म्हणाली, “आबा, नको वाटत असेल तर नाही दाखवत.” मी म्हणालो, “दाखव.”

आक्काचं वय ऐंशी. शाळा चौथीपर्यंत, पण हिशोबात आम्हा दोघा भावांना ऐकणार नाही. ओवाळून झालं, फराळ झाला. नातीने बीपीएमएनचं चित्र उलगडलं. आक्काने चष्मा लावून वरून खाली पाहिलं आणि म्हणाली, “हे काय गं, नळपाणी योजनेचा नकाशा?”

मग नातीने सहावी पद्धत काढली. कार्ल आडाम पेट्री या जर्मन गणितज्ञाच्या १९६२ च्या प्रबंधातून आलेली, त्याच्याच नावाने ओळखली जाणारी पेट्री नेट. विद्यापीठातले पंडित ती गणितासाठी वापरतात, कारण एखादं काम कुठे कायमचं अडकेल का हे तिच्यावरून सिद्ध करता येतं. सर्वांत अवघड म्हणून आम्ही ती घरी शेवटी ठेवली होती. पण तिच्यात चिन्हं दोनच. गोल म्हणजे स्थिती, आडवी रेघ म्हणजे घटना. गोलात ठिपके असतात. रेघेकडे जाणाऱ्या प्रत्येक गोलात ठिपका असेल तरच घटना घडते. मग ते ठिपके उचलायचे आणि पुढच्या गोलांत टाकायचे. नातीने शहाबादी फरशीवर खडूने गोल काढले आणि आक्काकडे चिंचोके मागितले. आक्काने डबा आणला. चल्लस खेळलेल्या बाईला पटावर काय शिकवायचं?

“हा गोल म्हणजे १९८६ चा सातबारा. यात चौघांची नावं.” नातीने चार चिंचोके ठेवले.

आक्काने एक उचलला. “ह्यो कुणाचा?”

“तो तुमचाच, आक्काआजी.”

आक्का माझ्याकडे बघायला लागली. “म्हंजे, बापू, माझं नाव लागलं हुतं?”

“लागलं होतं, आक्का. नऊ महिने होतं.”

“मला ठावं न्हवतं.”

नोटीस निघाली होती, चावडीवरही लागली होती. आक्काची नोटीस माझ्याच हातात पडली होती, घरचा माणूस म्हणून. ती मी ट्रंकेत ठेवली. ईपीसीतलं ‘नोटीस देणे’ आणि ‘नोटीस मिळाली’ यांतलं अंतर मला त्या क्षणी कळलं.

आक्काने चिंचोका परत ठेवला नाही. “आन् मी माझा सोडला नसता तर? तुमचं अडलं असतं?”

नातीने पट बघून सांगितलं, “नाही आक्काआजी. कुणाचंच काही अडत नाही. फक्त ही रेघ चालत नाही, आणि तुमचं नाव तिथेच राहतं.”

मग आक्का बोलायला लागली, आणि आमच्या चित्रातली कोरी चौकट भरत गेली. मी एस.टी.ने गेलो होतो. तिच्या घरी तेव्हा हळद शिजवायचं काम चाललं होतं, ते टाकून ती आली. वाटेत मी शाळेच्या गप्पा मारत होतो, जमिनीचं बोललोच नाही. आदल्या रात्री आई तिला म्हणाली होती, “सही कर, म्हंजे म्हायेर ऱ्हाईल.” सही झाल्यावर मी तिला जांभळ्या काठाचं लुगडं घेतलं, ते तिने अजून ठेवलंय. पाच वर्षांनी तिच्या मालकांच्या आजारपणात तिने दागिने मोडले, तेव्हा तिच्या मनात आलं होतं की माहेरी एक शब्द टाकावा. टाकला नाही. “कशाच्या जोरावर टाकू? सोडूनच बसले हुते.”

हे सगळं ती तक्रारीने सांगत नव्हती. कोणी विचारलं म्हणून सांगत होती.

मी म्हणालो, “आक्का, तेव्हा विचारलं नाही. आता विचारतो. माझ्या नावावर दोन एकर आहेत. त्यातलं एक तुझ्या नावावर करून देऊ का?”

तिने लगेच उत्तर दिलं नाही. चिंचोका पदराच्या गाठीत बांधला आणि म्हणाली, “इचार करून सांगते. तुझी पंधरा दिसांची नोटीस न्हाई ना?”

मला गोष्ट इथेच गोड करून संपवता आली असती. पण तुम्ही माझे जुने वाचक, तुम्हाला अर्धं सांगणार नाही. सातारला परतल्यावर मी धाकट्या भावाला फोन केला. तो म्हणाला, “दादा, एवढ्या वर्षांनी कशाला उकरतोस?” त्याचंही खरं आहे. मी नोकरीला बाहेर राहिलो. चारही एकर तोच कसतो. द्राक्षबाग त्याने उभी केली, कर्ज त्याने काढलं, गारपिटीच्या रात्री तो जागला. नात म्हणाली, “आबा, काकाआजोबांच्या पट्टीत पण तुम्ही फक्त ‘सही करणे’ लिहिलंय.” बघितलं तर खरंच तसं होतं. १९८७ चं हक्कसोडपत्र कायद्याने पक्कं आहे, ते चित्र काढून मोडत नाही. माझ्या दोन एकरांतून बक्षीसपत्र करायला कागदावर भावाची सही लागत नाही. पण जमीन त्याच्या हातात आहे, तेव्हा घरात त्याचा चिंचोका लागणारच. म्हणून पुढच्या महिन्यात मी गावी जाणार आहे, आणि या वेळी मसुदा बरोबर नेणार नाही. आधी विचारणार आहे.

आईची पट्टी मात्र आता भरता येणार नाही. तिने आपला एकर कोणत्या मनाने सोडला, हे विचारायचं राहून गेलं.

नातीने मुलांना काय शिकवलं ते तिने मला नंतर फोनवर सांगितलं. वेळ कुठे जातो हे बघायचं तर गिलब्रेथ. चारचौघांना पटकन समजवायचं तर फ्लोचार्ट. केलं आणि झालं यांत फरक करायचा तर ईपीसी. कोणी केलं ते बघायचं तर पट्ट्या. दोन स्वतंत्र माणसांतला व्यवहार मांडायचा तर बीपीएमएन. अडकेल कुठे, आणि एकाने आपला ठिपका सोडला नाही तर काय होईल, हे बघायचं तर पेट्री. यातली श्रेष्ठ कुठली असं एका मुलाने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, की जे काम मांडायचंय त्यात तुम्ही काय विचारायचं टाळताय ते आधी बघा, आणि ते विचारायला लावणारी पद्धत निवडा.

मी तिला म्हणालो, हे आमच्या व्याकरणातही होतं, फक्त मी ते चाळीस वर्षं फळ्यावरच ठेवलं. १९८७ च्या फेरफारात शेवटचं वाक्य आहे, ‘सबब नावे कमी केली.’ कर्ता शोधा!

तुमच्याही घरी अशी एखादी ट्रंक असेल. सवड काढून त्यातले फेरफार बघा, आणि ज्या आत्याचं, बहिणीचं, मावशीचं नाव कंसात दिसेल तिच्याकडे एकदा जाऊन या. चित्र काढता नाही आलं तरी चालेल, चिंचोके न्या.

आमचं चित्र भिंतीला लावून ठेवलंय. घड्याळाच्या गोलापुढे किती दिवस ते मी लिहिलेलं नाही. आक्काचा निरोप आला की कळवीनच.